कळंब्याचं पाणी

सुष्मितानं कॅन दोन्ही हातांनी उचलून पातेल्यात पाणी ओतलं. दिसायला पाणी स्वच्छ होतं. शांतव्वा, तिच्या सासूबाई, स्वयंपाकघराच्या दारात पहारा दिल्यासारख्या उभ्या होत्या.

"डाळ बी त्याच पाण्यानं धू," त्या म्हणाल्या. "नळाचं थेंबभर नगं."

"व्हय, आत्ती."

"आन् कुकर लावू नगंस. कुकरात धोंडा बी शिजतोय."

हा कॅन सोमेशनं सकाळी कळंब्याहून आणला होता, स्कूटरवर दोन पायांच्या मधे धरून. कळंब्याला नव्या कॉलनीत त्यानं एक घर बघून ठेवलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं चार हात मोकळी जागा आणि अंगणात बोअर. फोनला अजून वर्षभर तरी नंबर लागायचा नव्हता आणि नळही तिथवर पोचला नव्हता, पण सोमेशला त्याचं काही नव्हतं. शांतव्वांना मात्र पाण्याचं होतं. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्या पाण्यावर संसार होत नाही, हा त्यांचा कायदा. शाहूपुरीतल्या त्या तीन खोल्यांत त्यांचा शब्द खुद्द भीमाप्पाही मोडत नसत. भीमाप्पा म्हणजे सोमेशचे वडील. खाली त्यांचं दोरखंड-ताडपत्रीचं दुकान होतं, तिथं गिऱ्हाइकांवर ते चांगले ओरडत. जिना चढून वर आले की गप्प.

"डाळ शिजली तर जावा," शांतव्वांनी आदल्या रात्रीच्या जेवणावर सांगून टाकलं होतं. "न्हाय शिजली तर परत त्या घराचं नाव काढायचं न्हाय."

सोमेशनं लगेच मान डोलावली होती. आई सरळ नकोच म्हणेल अशी धास्ती त्याला होती, त्यामानानं हे स्वस्तात सुटलं.

सुष्मिताला कुणी विचारलं नव्हतं असं नाही. सोमेशनं तीनदा विचारलं होतं, "तुला काय वाटतंय?" आणि तिन्ही वेळा ती म्हणाली होती, "चालंल की."

हल्ली ती सगळ्यालाच चालंल म्हणायची. श्रावणात, सातव्या महिन्यातच तिला कळा सुरू झाल्या आणि रिक्षा येईपर्यंत इथंच, मधल्या खोलीत ती मोकळी झाली. बाळ रडलं नाही. पुरुषमाणसं ते टॉवेलात गुंडाळून घेऊन गेली. कुठं, ते तिला कुणी सांगितलं नाही. पाचव्या दिवशी शांतव्वा उशाशी येऊन म्हणाल्या, "हुतंय असं. ऊठ, कामाला लाग, म्हंजे इसरशील." ती उठली आणि कामाला लागली. विसरली मात्र काहीच नाही. फक्त सगळं लांब गेलं, शेजारच्या घरात लागलेल्या रेडिओसारखं. चार वर्षांची सौंदर्या गळ्यात पडली तरी तिचे हात उशिरा वर यायचे.

स्वयंपाकघराला दुसरी वाट नव्हती. पाणी भरायला, ताट न्यायला, केर काढायला, दिवसातून वीस वेळा त्या मधल्या खोलीतून जावं लागे. सोमेशचं म्हणणं एवढंच होतं, की हे जाणं-येणं थांबल्याशिवाय बायको परत माणसात यायची नाही. त्याचं बरोबर असेल. तिला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही वाईट वाटत नव्हतं.

डाळीत तिनं हळद टाकली, चमचाभर तेल सोडलं आणि गॅस बारीक केला.

अर्ध्या तासानं दाणा बोटात दाबून बघितला. कडक. पाणी आटलं म्हणून तिनं कॅनमधलं आणखी ओतलं. तास झाला. वर पांढरट फेस येऊन कडेला चिकटत होता आणि खाली डाळ एकेक दाणा सुटा ठेवून उकळत होती. तिनं पातेलं जरा पुढं ओढलं. मग बोटांकडं बघितलं तेव्हा दोन बोटं लाल झालेली दिसली, आणि आपण फडकं न घेताच पातेलं धरलं हे तिच्या ध्यानात आलं.

शांतव्वा आत आल्या. त्यांनीही डावावर दाणा घेऊन चिमटीत दाबला. हात पदराला पुसला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या,

"गच्चीवरची कपडे वाळली असतील. काढून आण जा."

"डाळ..."

"मी बघतो डाळीकडं."

गच्चीवर ऊन लख्ख होतं. सौंदर्याचे दोन फ्रॉक, सोमेशचे शर्ट, सासऱ्यांचं धोतर. एकेक काढून तिनं खांद्यावर टाकलं. डाळ काही शिजत नाही, म्हणजे प्रश्न मिटला, असा विचार तिच्या मनात आला. उद्या परत मधली खोली. परवाही तीच. सगळे कपडे काढून झाले तरी ती दोरीला हात धरून उभीच राहिली. खाली जायला हवं होतं, पण पाय जिन्याकडं वळेनात. खूप दिवसांनी तिला स्वतःची भीती वाटली. मग ती तिथंच पायरीवर, मांडीवर कपडे घेऊन बसली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. खालून सौंदर्यानं हाक मारली तेव्हा ती उठली.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. शांतव्वा पुढच्या खोलीत लसूण सोलत बसल्या होत्या. तिनं झाकण काढलं.

डाळ शिजली होती. डाव फिरवला तर तिचं घट्ट पिठलं झाल्यासारखं वाटलं. पण रंग पिवळा नव्हता, लालसर होता. हळदीचा डाग साबणानं धुतला की जसा लाल होतो, अगदी तसा. सुष्मितानं मान वर केली. फळीवर मिठाशेजारी खायच्या सोड्याचा पत्र्याचा डबा होता, त्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं.

तिनं हात वर करून ते झाकण दाबून बसवलं, आणि फोडणीसाठी कढईत तेल तापत ठेवलं.

त्या दिवशी शांतव्वांनी सगळ्यांना एकत्रच बसवलं. सासऱ्यांनी भात कालवला, पहिला घास घेतला आणि बोलून गेले,

"झकास झालीया की डाळ!"

"तुमास्नी काय कळतंय," शांतव्वा म्हणाल्या. "जिनं केली तिला इचारा. सुष्मिता, शिजली का न्हाय?"

तिनं घास तोंडात घातला. डाळ साबणासारखी लागली, किंचित खारट, किंचित कडू. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला कशाची तरी चव कळली होती. तिनं सासूकडं बघितलं. शांतव्वा ताटात मान घालून भाकरी मोडत होत्या. पार चुरा झाला तरी मोडतच होत्या. सोमेशचा घास हातातच राहिला होता. चालंल की, हे शब्द सवयीनं जिभेवर आले. घासाबरोबर तिनं ते गिळून टाकले.

"शिजली," ती म्हणाली. "जाऊया आपण. मला जायचंय."

आवाज जरा मोठाच निघाला. सौंदर्या दचकून आईकडं बघायला लागली.

जेवणं झाली. पुरुष खाली गेले. सुष्मिता मोरीत भांडी घासत होती आणि शांतव्वा तिच्याकडं पाठ करून ती विसळत होत्या.

"माझी दोन गेली," त्या म्हणाल्या. "सोमेशच्या आदी. त्याच खोलीत."

सुष्मिताचा हात थांबला. दहा वर्षं ती या घरात होती, आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"तवा कुणी कुठलं पाणी आणून डाळ शिजवून बघितली न्हाय," शांतव्वा म्हणाल्या. पातेलं उलटं करून त्यांनी पाणी झटकलं. "सवय हुतीया म्हनत्यात. मला न्हाय झाली. अजून त्या खोलीत झोपाय न्हाय जमत."

"आत्ती..."

"घास हे परत नीट. बुडाला लागलंया."

एवढंच बोलणं झालं. पण भाजलेली बोटं आता चांगलीच चुरचुरत होती, आणि सुष्मिता त्यांच्यावर पाणी ओतत होती, आणि तिला रडू येत होतं. शांतव्वांनी वळून बघितलं नाही. नळ मात्र त्यांनी जरा मोठा सोडला.

पंधरा दिवसांनी, सोमवार बघून, दारात टेंपो लागला. कपाट, पलंग, गाद्या, ट्रंका चढल्या. नव्या घरात पहिल्यांदा न्यायची वेताची बुट्टी शांतव्वांनी स्वतः भरली होती. समई, विभूती, मीठ, तांदूळ, नारळ. सुष्मिता सौंदर्याला घेऊन ड्रायव्हरशेजारी बसली तेव्हा त्यांनी ती बुट्टी तिच्या मांडीवर दिली. नारळाशेजारी सोड्याचा डबा होता.

सोमेश वाकून बघत म्हणाला, "अव्वा, हे कशाला? तिकडच्या दुकानात मिळतंय की."

"मिळू दे. घरातला असू दे जवळ." शांतव्वांनी सुनेच्या पदराचं टोक दारात अडकत होतं ते आत सारलं. "आठ दिवसांनी येतो मी जेवाय. डाळच कर."

"या, आत्ती," सुष्मिता म्हणाली. "वाट बघतो."

टेंपो सुरू झाला. मागं चढून बसायच्या आधी सोमेश परत एकदा बुट्टीकडं बघायला लागला, तशी तिनं डबा हळूच तांदळाच्या पिशवीमागं सरकवला आणि वर आपला हात ठेवला.