महादेवाचा सड

त्र्याण्णव साली वडवणीच्या मन्मथ दुकानदारानं परदेशी रक्ताची काळी-पांढरी गाय आणली. तोंडानं देखणी, पण मागं पाहिलं की घास वर यायचा. कास गुडघ्यापर्यंत लोंबलेली, तिच्यावर गांडुळांसारख्या शिरा. चार सड सोडून मागं पाचवा. सुकल्या अंजिराएवढा, सुरकुतलेला, आणि त्याला भोकच नाही.

"काका, हे काय आक्रीत हाय?" मन्मथनं विचारलं.

मला काय ठाऊक. पण ठाऊक नाही असं मी जन्मात म्हटलेलं नव्हतं. "शेळीला दोन सड, गायीला चार, डुकरिणीला बारा. ज्याचा त्याचा वाटा ठरलेला. हा पाचवा महादेवाचा. देवाचं तोंड दिसत न्हाई, म्हणून सडालाबी तोंड न्हाई," असं ठोकून दिलं.

गाय व्याली. त्यांच्या घरी पहिला चीक पिंडीवर घातल्याशिवाय खरवस होत नाही. मन्मथला वाटलं, देवाचा चीक देवाच्याच सडातून निघावा. त्यानं लिंबाची काडी तासून त्या आंधळ्या सडात खुपसली, ती तशीच ठेवली.

तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं, जगदेवीनं, मला गोठ्यात नेलं. वास दारातच आला. सड वांग्यासारखा निळा, टरारलेला. बाहेर राहिलेलं काडीचं टोक दातवणासारखं चावून चावून कुंचा झालेलं. जगदेवीनं काडी ओढली. मागोमाग पिवळ्या गाठी आल्या, ताकातल्या लोण्यासारख्या, आणि थेट माझ्या पायावर. मी अजून ताक पीत नाही.

"शेजारचा सडबी दगड झालाय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतेत, हा आजच कापला तर कास वाचल. ह्ये कापू देईनात, दुसरी काडी तासायलेत. तुमी खरं काय ते सांगा ह्यांना."

ओसरीवर डॉक्टर हत्यारं उकळून ताटकळलेला. मी मन्मथला म्हणालो, "मी थाप मारली बे. देवाबिवाचा न्हाई तो सड."

मन्मथ हसला. "तुमी आन् खरं? जगदेवीचं ऐकून कशाला खोटं बोलायलाव, काका?"

म्हणजे खऱ्याचा उपयोग नव्हता. मी डोळे मिटले. "बरं. रात्री महादेव आलता. म्हणाला, दात घासलेली उष्टी काडी माझ्या सडात घातली. माझा सड मला परत द्या."

मन्मथच्या हातातली काडी गळाली. "उष्टी होती हे तुमाला कुणी सांगितलं?"

"म्हणलं न, तो आलता."

सड कापला, कास वाचली. मी चप्पल शोधत होतो, तेवढ्यात जगदेवीनं पळसाचं पान माझ्या तळहातावर ठेवलं. वर तो सड, अजून गरम.

"देवानं परत मागितलाय न? मग तुमीच नेऊन द्या."

देवळाची वाट बाजारातून. बोटांच्या फटीतून पू कोपरापर्यंत ओघळलेला, माश्या मागं. राधाकिशन चहावाल्यानं मला पान धरून देवळाकडं चाललेलं पाहिलं.

"काका, परसाद दिसतोय," म्हणत त्यानं हात पुढं केला.