लाल फडकं

"ओ दादा! थांबवा! बंद करा ते!"

विजयश्रीताई ओरडत घाटाच्या पायऱ्या उतरत होत्या आणि त्यांच्यामागे मी एक चप्पल पायात, एक हातात असा धावत होतो. पोकलेनच्या धडधडाटात त्यांचा आवाज चालकापर्यंत पोहोचणं शक्यच नव्हतं. पवना नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी माजली होती. एवढा हिरवा पसारा सोडून पोकलेनचा लांब हात नेमका एकाच जागी उतरत होता. काठीला लाल फडकं बांधलेलं होतं, त्या जागी.

ते फडकं आदल्या संध्याकाळी ताईंनीच बांधलं होतं.

विजयश्रीताई आमच्या रहाटणीत राहतात. माहेर आणि सासर दोन्ही दुष्काळी औसा तालुक्यातलं. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करतात. दर रविवारी आमची सात-आठ माणसं नदीवर जमतात, प्लॅस्टिक काढतात, निर्माल्य गोळा करतात, मांज्यात अडकलेली पाखरं सोडवतात. या फौजेच्या म्होरक्या त्याच. माझं फाट्यावर झेरॉक्सचं दुकान. मला नदीचा पुळका वगैरे कधीच नव्हता. ताई अर्जांच्या प्रती काढायला यायच्या. एकदा म्हणाल्या, "सुजितभाऊ, नुसते कागद काढून नदी साफ होती व्हय?" त्या दिवसापासून माझी रविवारची झोप गेली ती गेलीच.

जलपर्णी काढायला यंत्र पाठवा, डासांनी माणसं आजारी पडतायत, म्हणून ताईंनी अख्खा उन्हाळा कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. त्या दिसल्या की साहेब जेवायला निघून जायचे, मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात. शेवटी ताई डबा घेऊन तिथेच बसू लागल्या, तेव्हा कुठे सोमवारी यंत्र येणार असं ठरलं. आणि रविवारी संध्याकाळी, आम्ही घाटावरून निघालो असताना, काळी, तांबड्या चोचीची पाणकोंबडी जलपर्णीत शिरताना दिसली. शिरली ती बाहेर येईना. ताई कमरेइतक्या पाण्यात उतरून बघून आल्या. पानांच्या गादीवर ठिपक्याठिपक्यांची अंडी होती.

"झालं कल्याण," मी म्हणालो.

ताईंनी माझ्या गाडीतलं पुसायचं लाल फडकं घेतलं, काठीला बांधलं आणि घरट्याजवळ रोवलं. त्यांच्या कंपनीत ज्या मालाला लाल पट्टी, त्याला कुणी म्हणजे कुणी हात लावायचा नाही. मॅनेजरनेसुद्धा नाही. इतकी वर्षं तेच बघितलेलं. त्यांनी लगेच ठेकेदाराच्या सुपरवायझरला फोन लावला. "साहेब, घाटाजवळ लाल फडकं लावलंय, तेवढं चालकाला सांगा." तो म्हणाला, "हो ताई, कळलं. सांगतो." ताई निर्धास्त झोपल्या. मीही झोपलो.

सुपरवायझरने सांगितलंही. आता त्यांच्या कामात लाल फडक्याचा अर्थ काय, हे आम्हाला कुणी शिकवलं होतं?

मी चप्पल फेकून दिली आणि पोकलेनच्या समोर जाऊन दोन्ही हात हलवले, तेव्हा ते थांबलं. तोवर बकेटचा एक घास घेऊन झाला होता. केबिनमधून एक तरणा चालक उतरला. समर्थ त्याचं नाव.

"काय झालं काका? तुमच्याच लोकांनी फडकं लावलंय ना? आमच्यात फडकं असेल तिथनंच काम सुरू करतात."

ताई काठावर टाकलेल्या ढिगाशी जाऊन बसल्या होत्या. चिखलातून, मुळ्यांच्या जटांतून हात फिरवत होत्या. हाताला फुटकी टरफलं लागली. पलीकडे पाणकोंबडी पानांवरून इकडून तिकडे पळत कर्कश ओरडत होती. ते ऐकवत नव्हतं.

"माझ्या हातानं दाखवलं की मी," ताई म्हणाल्या. "ये, हितं ये आन् हेच उचल, असं."

मी घरट्याकडे पाहिलं. अर्धी गादी फाटून गेली होती, उरलेली एका बाजूला कलली होती. तिच्यावर अंडी होती अजून. सगळी गेली नव्हती.

एव्हाना घाटावर माणसं जमली. पुढे रुक्मिणीबाई. त्यांचं घर नदीला लागून, गावातलं जुनं घराणं, आणि आवाज असा की पोकलेनने लाजावं.

"का गं बंद पाडलंस? उन्हाळाभर मशीन मशीन करत व्हतीस, आन् आता तूच आडवी? माझा नातू तापानं फणफणलाय. कोंबडीपरीस माणूस हलकं झालं व्हय?"

त्यांचं काय चुकत होतं? त्यांच्या गल्लीत प्रत्येक घरात कुणी ना कुणी तापाने पडलेलं. समर्थ म्हणाला, "मशीन आजच्यापुरतंच आहे. उद्या दुसरीकडे जाणार." म्हणजे आज थांबवलं तर गेलं. आणि चालू केलं तर उरलेली अंडीही गेली.

ताई उठल्या. हात ओढणीला पुसले.

"मावशी, मशीन थांबणार न्हाई. समदी जलपर्णी निघंल, तुमच्या दारापुढची पयली. मला फकस्त एवढा तुकडा सरकवू द्या. तिकडं, उंबराखाली."

"आन् तुला पवता येतं का?"

"आमच्याकडं पवायला पाणीच कुठं होतं?"

रुक्मिणीबाईंनी कपाळावर हात मारला आणि बाजूला झाल्या. मी रहिमानभाईंना फोन केला. फाट्यावर त्यांचं टायरचं दुकान आहे, आमच्या रविवारच्या फौजेतले तेही एक. ते ट्रकच्या दोन ट्यूब स्कूटरला अडकवून आले.

"ताई, ही आधी कमरेला घाला. मग काय ती समाजसेवा."

एक ट्यूब ताईंनी घातली, दुसरी मी. मला पोहता येतं, पण त्या पाण्यात पोहायला नुसतं पोहता येऊन भागत नाही, नाकही बंद करता यावं लागतं. विळे घेऊन आम्ही घरट्याभोवतीची मुळं कापायला लागलो. मुळं कसली, दोरखंडच ते. बराच वेळ झाला तरी हातभरही सुटलं नाही. समर्थ वरून बघत होता.

"मॅडम, विळ्यानं दिवस जाईल. तुम्ही बाजूला व्हा. मी बकेटनं कडा मोकळ्या करून देतो."

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्या बकेटकडे. तिच्या दातांना अजून पानं लोंबत होती. माझ्या तोंडावर आलं होतं, नको म्हणा.

"करा," ताई म्हणाल्या. "घाई करू नका."

पोकलेनचा तो अवाढव्य हात घरट्यापलीकडे इतका हळू उतरला की पाणीसुद्धा फारसं हललं नाही. एकदा उतरला, दुसऱ्या बाजूला उतरला. मी डोळे मिटून घेतले होते, खोटं कशाला बोलू. उघडले तेव्हा खाटेएवढा हिरवा तुकडा मोकळा तरंगत होता आणि ताईंनी तो दोन्ही हातांनी धरला होता.

आम्ही तो ढकलत उंबराखाली नेला. तिथे पोकलेन पोहोचत नव्हतं. पाणी मात्र ताईंच्या छातीपर्यंत आलं, आणि तळाला ओढ होती. रहिमानभाई म्हणाले, "दोर राहिला की दुकानात! सोडू नका ताई, आत्ता आणतो." मी काठ चढून बांधायला काही मिळतं का ते शोधू लागलो. ताई एकट्याच पाण्यात तुकडा धरून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात पुलाजवळून हॉर्न ऐकू आला. ताईंच्या कंपनीची, दुपारपाळीची बस. ती कुणासाठी थांबत नाही. दोनदा वाजवते आणि निघते; चुकली की त्या दिवसाचा पगार गेला.

"ताई, तुम्ही जा. मी धरतो," मी काठावरून म्हणालो.

त्यांनी मान हलवली नाही. नुसते डोळे मोठे केले. मला वाटलं पाय सरकला. मग मला दिसलं.

पाणकोंबडी आली होती. उंबराच्या मुळांशी थांबून ती ताईंकडे बघत होती. शेपटीला झटका देत एक पाऊल पुढे यायची, दोन मागे जायची. बसने दुसऱ्यांदा हॉर्न दिला. ताईंच्या कपाळावर, गालावर डास बसले होते. त्यांनी एकही झटकला नाही.

रहिमानभाई दोर खांद्यावर टाकून पळत आले, मला पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि पायरीवरच उभे राहिले. वर समर्थने इंजिन बंद केलं. घाटावर कुणीतरी मोठ्याने काही बोलायला गेलं, तर रुक्मिणीबाईंनी त्याचा दंड धरला. बस निघून गेल्याचा आवाज आला.

पाणकोंबडी तुकड्यावर चढली. ताईंच्या बोटांपासून वीतभर अंतरावरून गेली. चोचीने तिने उरलेली अंडी एकेक करून फिरवली, दोन पानं ओढून मोडक्या बाजूला लावली आणि ताईंकडे पाठ करून बसली.

ताई हात तसेच ठेवून पाण्यात उभ्या होत्या.