रुळांच्या जागेवरून

सांतो स्तेफानो स्टेशनवरून शेवटची गाडी गेली, त्याला आता चोवीस वर्षं झाली. ती गाडी स्टेशनमास्तर अमेदेओ अन्फोस्सोनं स्वतः सोडली, वहीत वेळ लिहिली आणि टोपी काढून घरी गेला. नवी गाडी डोंगराच्या पोटातून जाणार होती. ती जायची तर जावो, पण या जागेवर रुळांखेरीज दुसरं काही आलं तर आपण तिथं पाऊल टाकणार नाही, असं त्यानं जाहीर केलं. पुढं रूळ काढले, डांबर घातलं आणि समुद्राला लागून चोवीस किलोमीटरची सायकलींची वाट झाली. अमेदेओनं शब्द पाळला. वाट त्याच्या घरापासून दोनशे पावलांवर होती, तरी पाव आणायलासुद्धा तो वरच्या हमरस्त्यानं, ट्रकांच्या धुरातून वळसा घालून जाई. जो कोणी त्या वाटेवर जाईल त्याच्याशी मी बोलणार नाही, असंही तो एकदा जेवताना म्हणाला होता. तेव्हा घरात फक्त त्याची बायको नीवेस होती.

यंदा जूनमध्ये त्यांची मुलगी लोरेदाना तोरिनोहून आली, बरोबर नवरा आणि अकरा वर्षांची बीचे. जावई ग्वाल्तिएरो दातांच्या कवळ्या बनवायचा. कामात त्याला केसाएवढा फरक खपत नसे आणि सहलीतही खपत नसे. तो तीन दिवसांचा बेत आखूनच आला होता. वाटेच्या पूर्वेच्या टोकाला, सान लोरेन्झोला सुरुवात करायची, ही वाट संपेपर्यंत जायचं, तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं सरहद्द ओलांडून फ्रान्समधल्या मेंतोनेपर्यंत. सगळ्या कुटुंबानं, सायकलवरून.

तुम्ही जा, अमेदेओ म्हणाला. लोरेदानानं आग्रह केला, बीचेनं गळ घातली, जावयानं फोनवर नकाशा दाखवला. अमेदेओनं चष्मा न लावता नकाशा पाहिला. शेवटी नीवेस भांडी विसळता विसळता म्हणाली की ती तरी जाणार आहे. तीन दिवस. अंडी फ्रिजमध्ये आहेत.

अमेदेओला अंडं उकडता येत होतं. पहिल्या दिवसाचा प्रश्न त्यानं मनातल्या मनात सोडवला. दुसऱ्या दिवसापाशी तो अडला.

"येतो," तो म्हणाला. "पण वेळेवर निघायचं."

नीवेसनं ओळखीतल्या कुणा देल्फिनाची निळी सायकल मागून आणली. तिला पुढं टोपली होती. लग्नाआधी चालवायचे, आता जमेल तसं बघू, असं ती म्हणाली. अमेदेओनं स्वतःची काळी सायकल तळघरातून काढली. तिला गिअर नव्हते आणि वजन बीचेपेक्षा जास्त होतं.

सान लोरेन्झोहून निघायचं ठरलं होतं सात चाळीसला. ग्वाल्तिएरो पायांना उन्हाचं मलम चोळत बसला, त्यामुळे निघाले सात त्रेपन्नला. अमेदेओनं घड्याळ बघितलं. सगळे पुढं गेल्यावर तो शेवटी निघाला. तिथल्या जुन्या स्टेशनाच्या इमारतीत आता थंड पेयं मिळत होती. तिकडं त्यानं मान वळवली नाही.

पहिले चार किलोमीटर तो खाली डांबराकडं बघत सायकल चालवत होता. डावीकडं समुद्र होता, तो जागच्या जागी होता. बीचे हळूहळू मागं पडत त्याच्या शेजारी आली आणि विचारू लागली, आजोबा स्टेशनात नेमकं काय करायचे.

"गाडी सोडायचो."

"म्हणजे चालवायचात?"

"नाही. सोडायचो. रूळ एकच होता. समोरून दुसरी येत नाही ना, याची खात्री करायची."

"आणि मग?"

"मग ती जायची."

बीचेनं यावर थोडा विचार केला. मग तिनं विचारलं, ते स्वतः कधी त्या गाडीत बसले होते का. क्वचित, अमेदेओ म्हणाला. तो गाडीत बसला असता तर स्टेशनात कोण बसणार होतं? सानरेमोच्या पलीकडं लांब बोगदा होता. त्यात एकवीस वर्षं गाड्या गेल्या आणि आल्या, त्या त्याला टेलिफोनच्या घंटेवरून कळायच्या. बोगदा आतून कसा होता, हे विचारायचं कधी सुचलं नाही.

सांतो स्तेफानो जवळ आलं तसा तो जोरात पायडल मारू लागला. स्वतःचं स्टेशन झटकन मागं टाकायचं असा त्याचा विचार असावा. पण ग्वाल्तिएरोच्या बेतात तिथं दहा मिनिटांची विश्रांती लिहिलेली होती आणि ती त्यानं घेतली. वाटेच्या कडेला कॉफीची एक टपरी होती, चार टेबलं, वर निळी छत्री. सगळे सायकली टेकवून बसले. अमेदेओ उभाच राहिला.

टपरीवाली बाई साठीची, रुंद खांद्यांची. तिनं कुणाला काही विचारण्याआधीच एक छोटी कॉफी आणि पीचचा रस नीवेससमोर आणून ठेवला.

"आज एवढ्या उशिरा, नीवेसताई? मला वाटलं बरं नाही की काय. आणि सीट वर घेतली होती ना परवा, गुडघा दुखायचा थांबला का?"

नीवेसनं रसाच्या ग्लासात बघितलं. लोरेदाना आईकडं बघू लागली. ग्वाल्तिएरो नकाशाकडं. बीचेनं आजीच्या सायकलच्या टोपलीत डोकावलं, तिथं आजीचा जुना चष्मा, आजीची टोपी आणि आजीच्या आवडीच्या बडीशेपेच्या गोळ्या होत्या.

"किती वर्षं?" अमेदेओनं विचारलं.

"अकरा."

"रोज?"

"पाऊस असला तर नाही."

टपरीवाली देल्फिना हीच होती. आपण काय केलं हे कळल्यावर ती भांडी धुवायला आत गेली, जरी धुण्यासारखी भांडी अजून झाली नव्हती.

अमेदेओनं काळी सायकल उचलली, तोंड पश्चिमेला केलं आणि निघून गेला. त्यानं आदळआपट केली नाही. पुढं मोठ्या माणसांनी जे केलं त्यात फारसं शहाणपण नव्हतं. लोरेदाना म्हणाली, बाबांना जरा एकटं राहू द्या. ग्वाल्तिएरो म्हणाला, बेतात वेगवेगळं जाणं नाही, आणि तो सासऱ्यामागं लागला. दोन किलोमीटरवर, आर्मा गावाच्या अलीकडं, त्याच्या पोटरीत गोळा आला. तो बाकावर आडवा झाला, बायको त्याचा पाय दाबू लागली आणि बीचे त्याच्या डोक्यावरून हेल्मेट काढून स्वतःच्या डोक्यात घालून बघू लागली. नीवेसनं त्यांना पाण्याची बाटली दिली, फोकाच्या पावाचा पुडा दिला, सावलीत बसायला सांगितलं आणि एकटी पुढं गेली.

अमेदेओला बहात्तरावं लागलं होतं, पण रागानं माणूस बराच लांब जातो. आर्मा मागं पडलं, सानरेमोही पडलं. लोक आइस्क्रीम खात होते, कुत्री फिरवत होते, लहान मुलांना चाकांच्या बुटांवर ढकलत होते. कुणालाही आपण कशावरून चाललो आहोत याची जाणीव नव्हती. अमेदेओच्या डोक्यात मात्र एकच हिशेब चालू होता. अकरा वर्षं, वर्षाला सुमारे तीनशे कोरडे दिवस. तो हिशेब त्यानं दोनदा केला आणि दोन्ही वेळा उत्तर तेच आलं.

घरी ती म्हणायची, जरा पाय मोकळे करून येते. तो विचारायचा, कुठून गेलीस? ती म्हणायची, असंच, इकडून तिकडून. आणि तो वर्तमानपत्र उलटायचा. ती दर वेळी उन्हानं तांबूस होऊन यायची. हे त्यानं बघितलं होतं. त्याला ती बरी दिसायची, एवढंच.

मग बोगदा आला. आत दिवे होते, हवा एकदम गार झाली आणि सायकलचा आवाज दोन्ही भिंतींना लागून परत येऊ लागला. अर्ध्यावर पोचल्यावर अमेदेओचे पाय थांबले. दमल्यामुळे थांबले असतील. त्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि दगडावर हात ठेवला. दगड ओलसर होता. त्यावर जुनी काजळी अजून होती, वरच्या बाजूला, जिथं कुणाचा हात पोचला नव्हता.

मागून घंटी वाजली. निळी सायकल येऊन थांबली. नीवेस पाय टेकून खाली उतरली. तिला धाप लागली नव्हती, ही गोष्ट अमेदेओला सगळ्यात जास्त लागली.

"इतक्या लवकर कशी आलीस?"

"मी सकाळी सानरेमोपर्यंत जाऊन परत येते," ती म्हणाली. "कधीकधी."

बोगद्यात बोललेला शब्द दोन्ही तोंडांपर्यंत जात होता. तिकडून येणारं एक जोडपं हळू झालं, आणि मग फारच हळू.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणाला होतास, त्या वाटेवर जाईल त्याच्याशी बोलणार नाही. मला तुझ्याशी बोलायचं होतं."

"मग जायचं नव्हतं."

"मला जायचंही होतं."

अमेदेओनं हाताला लागलेल्या काजळीकडं पाहिलं. जोडपं आता जवळजवळ उभंच राहिलं होतं. त्यांच्यातल्या बाईनं उगाच पाण्याची बाटली काढली.

"अकरा वर्षं मला वेड्यात काढलंस."

"नाही. अकरा वर्षं मी रोज सव्वादहापर्यंत घरी आले, कारण तुला साडेदहाला कॉफी लागते. एकदाही उशीर झाला नाही. तू तर लक्षात ठेवतोस असल्या गोष्टी."

हे खरं होतं. एकदाही उशीर झाला नव्हता. गाड्यांच्या बाबतीत एवढी शिस्त अमेदेओनं आयुष्यात पाहिली नव्हती.

"ही गाडी सोडली कुणी?" शेवटी त्यानं विचारलं. हे रागावून विचारलं की कसं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"मीच," नीवेस म्हणाली. "समोरून कोणी येत नाही बघून."

बाटलीवाली बाई हसली आणि तिच्या नवऱ्यानं तिला पुढं नेलं. मग सायकलवर बसत अमेदेओनं विचारलं की बोगद्याच्या पलीकडं काय आहे. नीवेस म्हणाली, तिला माहीत नाही. इथपर्यंत ती कधी आली नव्हती, अंधारात एकटीला भीती वाटायची. तेव्हा ते दोघं शेजारीशेजारी पुढं गेले. पलीकडं ऊन होतं, ओस्पेदालेत्तीचं जुनं स्टेशन होतं आणि समुद्र होता. अमेदेओनं तो बराच वेळ बघितला आणि स्टेशनाचं छप्पर नव्यानं रंगवायला हवं, असं मत दिलं.

बाकीचे दीड तासानं आले. ग्वाल्तिएरो एका पायानं पायडल मारत होता. लोरेदानानं आईबाबांकडं आळीपाळीनं बघितलं. दोघं बाकावर बसून एकच टोमॅटो कापून खात होते. त्यापुढची वाट मोटारींच्या रस्त्यावरून होती आणि अमेदेओ सगळ्यांच्या पुढं राहिला. चौकात थांबायचं, हात वर करायचा, कोणी येत नाही हे बघायचं आणि एकेकाला सोडायचं. ग्वाल्तिएरोला सर्वांत शेवटी सोडलं. मुक्काम बोर्दिगेराला झाला, दुसरा व्हेंतिमिल्याला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे मेंतोनेला पोचले. तिथली कॉफी वाईट होती, ती सगळ्यांनी प्यायली.

परत जायचं गाडीनं ठरलं होतं. स्टेशनात तिकिटं काढताना नीवेस म्हणाली, तिच्यासाठी काढू नका, ती सायकलनं येईल; पाय मोकळे झाले आहेत. लोरेदाना बापाकडं बघू लागली. बापानं गाडीच्या वेळांचा फलक वरपासून खालपर्यंत वाचला.

"बावीस मिनिटं उशिरा आहे," तो म्हणाला. "मीही सायकलनंच येतो. तुम्ही व्हा पुढं."

बीचेलाही सायकलनं यायचं होतं, पण तिला आईनं नेलं.

सरहद्द ओलांडल्यावर मोर्तोलाचा चढ लागतो. तो लांब आहे आणि उन्हात आहे. पहिल्या वळणापर्यंत अमेदेओनं दम धरला. दुसऱ्या वळणावर काळी सायकल उभी राहिली, मग तो उतरला आणि ढकलू लागला. नीवेस पुढं होती. तिनं मागं वळून बघितलं आणि तीही उतरली.

"मला लाज वाटावी म्हणून उतरू नकोस," अमेदेओ म्हणाला.

"चेन निसटली माझी," नीवेस म्हणाली.

त्यानं स्वतःची सायकल दगडी कठड्याला टेकवली, गुडघे टेकून निळ्या सायकलची चेन तपासली, बोटं काळी केली, मागचं चाक उचलून दोनदा फिरवलं. चेन जागच्या जागी होती. तो उठला, रुमालानं हात पुसले, पण डाग गेले नाहीत.

"हो," तो म्हणाला. "निसटलीच होती. आता चढ संपेपर्यंत बसू नकोस, परत निसटेल."

मग दोघं सायकली ढकलत वर चालू लागले.