मनुबाईंची सही

मित्रांनो, मी एक जुने पेन आहे. विट्याच्या एका बँकेत, पैसे काढायच्या खिडकीपाशी सुतळीने बांधलेले. कुणी पळवू नये म्हणून मला बांधले होते. आज फुकट दिले तरी कुणी नेणार नाही.

विट्याचे पुरुष सोने गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेले, म्हणून खिडकीपाशी बायकाच जास्त असत. मनुबाईंनी आयुष्यातली पहिली सही माझ्याने केली. सही रेघेवर बसेना. म्हातारे कॅशियर म्हणाले, "वैनी, रेघेच्या वर गेली तर जाऊ द्या. पण तुमचीच पायजे."

पुढे पैसे काढायचे मशीन आले. "रांग न्हाई, फॉर्म न्हाई, लय झ्याक!" म्हणत लोक तिकडे वळले. मनुबाई मात्र माझ्याकडेच येत. कुणी हसले तर म्हणत, "मशीन काय माझं तोंड वळखतंय व्हय रं?"

गेल्या वर्षी फलक लागला : दहा हजारांच्या आतली रक्कम मशीनमधूनच काढावी. मनुबाईंच्या खात्यात नऊ हजार होते, ब्लाऊज शिवून साठवलेले. लेक साक्षीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता. त्यांनी माझ्याने सही केली. खिडकीतल्या संयोगिता मॅडमनी स्लिप परत सरकवली आणि नवे कार्ड पुढे केले.

"पिन तुम्हीच तयार करायचा, मावशी. मोबाईलवर ओटीपी येईल, तो टाका."

ओटीपी गेला तमिळनाडूत सेलमला, तिथे सोने गाळणाऱ्या नवऱ्याकडे. खात्याला नंबर लावला तेव्हा घरात मोबाईल एकच होता, मालकांचा. आता नंबर बदलायला आठ दिवस लागणार होते. मनुबाईंनी तिथूनच आपल्या मोबाईलवरून मालकांना फोन लावला.

"आवं, आकडा आला आसंल बघा. सांगा की."

"पैसं कशाला पायजेत?"

"साक्षीच्या फीला."

"मी न्हाई म्हणलं हुतं नव्हं?"

"आवं, माझ्या शिवणाचं हायत."

"तुझं हायत तर काढ की मग."

फोन बंद झाला. मनुबाई मशीनपुढे थोडा वेळ उभ्या राहिल्या. मागचा माणूस म्हणाला, "मावशी, येत न्हाई तर सरका की." त्या सरकल्या. सही केलेली स्लिप माझ्याजवळच पडून राहिली.

त्या पुन्हा आल्या नाहीत. साक्षी आता आईशेजारी ब्लाऊजांना काजे करत बसते, असे बायका बोलताना मी ऐकले.

मित्रांनो, माझी काळजी नका करू. माझी शाई वाळलीच आहे. घरी गेल्यावर आईला एवढेच विचारा, तिच्या खात्याला नंबर कुणाचा आहे.