दोन मुठींची किटली आणि डेलिथचा कप

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि एक किटली डोळ्यांसमोर आणा. टपरीवरच्या किटलीपेक्षा खूप मोठी, चहाने भरली की उचलताना कंबर धरेल अशी. तिला मागे एक मूठ आहे, आणि पुढे तोटीच्या वर आणखी एक छोटी मूठ आहे. दिसली? ती जुनी अॅल्युमिनियमची किटली म्हणजे मी. वेल्समधल्या एका कोळसाखोऱ्यात, खाणकामगारांच्या हॉलमध्ये माझा मुक्काम आहे. मधली काही वर्षं सोडली, तर इथली कोणतीही सभा, लग्न किंवा मयत माझ्याशिवाय झालेलं नाही, हे मी अभिमानाने सांगते.

मला दोन मुठी दिल्या त्या शोभेसाठी नाहीत. भरलेली मी दोघांनी उचलायची, असा मला घडवणाऱ्याचा विचार होता.

खाणीतली माणसं काळ्या चेहऱ्यांनी वर यायची आणि आधी माझ्याकडे बघायची. खाणीत लांबलचक संप झाला त्या वर्षी, उपाशी घरांसाठी, माझ्यातून चहापेक्षा सूपच जास्त ओतलं गेलं. पुढे खाण बंद झाली. हॉलमध्ये चहाचं यंत्र आलं आणि मी कपाटात गेले. तिथल्या अंधारात मी पुष्कळ धूळ खाल्ली. मग यंत्र बिघडलं, ते दुरुस्त करायला कुणी आलं नाही, आणि मला घासूनपुसून पुन्हा टेबलावर ठेवलं. मी मात्र एकदाही बिघडले नाही.

या हॉलची एक रीत आहे. भिंतीवर लाकडी खुंट्या आहेत आणि प्रत्येक खुंटीवर एकेकाच्या नावाचा कप आहे. माणूस आजारी पडो की परगावी जावो, त्याची खुंटी दुसऱ्याला देत नाहीत. चहा ओतला नाही तरी कप त्याचाच.

चहा ओतायचं काम डेलिथकडे होतं. ती तिच्या वडिलांना, एल्फेडना, सांभाळते. कोळशाच्या धुळीने त्यांची फुप्फुसं गेली आहेत. अंघोळीपासून औषधापर्यंत सगळं डेलिथच करते. त्यासाठी सरकार तिला थोडे पैसे देतं. सकाळी ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. दर गुरुवारी वडिलांना चाकाच्या खुर्चीतून हॉलमध्ये आणायची आणि मला एकटीने उचलायची. पुढच्या मुठीला ती कुणाला हात लावू देत नसे.

एका गुरुवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून तिची मुलगी मॅब्लीही आली होती. डेलिथने मला उचललं, आणि तिच्या बोटांतून मी सुटले. जमिनीवर चहाचं तळं झालं.

"डेलिथ, आम्ही कपातून पितो गं," ग्विलिम म्हातारा म्हणाला. "फरशीवरून चाटायला माझं मांजर आणतो पुढच्या वेळी."

सगळे हसले. डेलिथही हसली, पण तिने हात एप्रनखाली घेतले.

"तिची बोटं सुजतात," मॅब्ली म्हणाली. "आजोबांची बटणं मीच लावते. शाळेतलं कामही सुटलंय तिचं."

"मॅब्ली, गप्प बस."

कोपऱ्यातल्या टेबलाशी प्रोबर्ट बाई बसल्या होत्या. सरकारी मदतीबाबत लोकांना समजावून सांगायला त्या दर गुरुवारी येतात. त्या जवळ आल्या. "आजारपणाच्या पैशांसाठी अर्ज केलास का?"

"नाही, आणि करणारही नाही," डेलिथ म्हणाली. "मी आजारी आहे असं सांगितलं, तर सांभाळण्याचे पैसे जातील. मग म्हणतील, जी स्वतः आजारी ती बापाला काय सांभाळणार? आणि बाबांना नेऊन ठेवतील वृद्धाश्रमात."

"कुणी सांगितलं तुला हे?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे ग्विलिमच ना?" बाई म्हणाल्या. ग्विलिम छताकडे बघू लागला. बाईंनी भिंतीवरच्या कपांकडे बोट केलं. "हे बघ. दोन्ही पैसे पूर्णच्या पूर्ण एकदम मिळत नाहीत, ते खरं. बहुतेक वेळा त्यातले जास्त असतील तेवढेच हातात येतात. पण सांभाळणारी म्हणून तुझा हक्क पुसला जात नाही. या कपांसारखंच आहे ते, चहा ओतला नाही तरी कप खुंटीवरच राहतो. आणि तो हक्क नोंदलेला राहिला, की घराला मिळणारी बाकीची मदत वाढू शकते. तो हिशेब माझ्यावर सोड."

"आणि बाबांना त्यांच्या आजारासाठी मिळतात ते पैसे?"

"तुझ्या आजारपणाने त्यांचा पैसाही कमी होत नाही. नोकरी झेपत नाही म्हणजे बाप झेपत नाही, असंही नाही. पण जे आहे ते खरं सांगायचं, दोन्हीकडे. लपवलंस तर जास्त आलेले पैसे पुढे परत मागतात."

तेव्हा एल्फेड बोलले. दोन शब्दांमध्ये त्यांना श्वास घ्यावा लागतो.

"पोरी, मी खोकला लपवला होता. डॉक्टर तपासायला आले की… श्वास रोखून धरायचो. खाणीतून वर काढतील, हलकं काम देतील… लाज वाटायची. आम्ही सगळेच लपवायचो. बघ आता."

"बाबा, ते वेगळं."

"काही वेगळं नाही. मी छाती लपवली, तू हात लपवतेस. मला घरी राहायचंय डेलिथ… पण तुझे हात मोडून नाही."

डेलिथने हळूच एप्रनखालून हात काढले आणि टेबलावर ठेवले. सांधे लाल होते. सगळा हॉल बघत होता, ग्विलिमसुद्धा.

"बरं," ती म्हणाली. "सांगा बाई, सुरुवात कुठून करायची?"

मित्रांनो, त्या पडण्याने माझ्या पोटावर पोचा आला आहे. तो मी मिरवते. तुमच्या घरीही सगळ्यांना वाढणारं कुणीतरी असेलच. त्याचा कप भरला आहे का, हे एकदा बघा. आणि भरलेली किटली कुणी एकटं उचलत असेल, तर दुसरी मूठ शोधा.

मॅब्लीला हे कुणी सांगावं लागलं नाही. तिने मला पुन्हा भरलं, आईला खुर्ची दिली आणि ग्विलिमला म्हणाली, "तुम्ही मागची मूठ धरा." पुढची तिने धरली. पहिला चहा आईला दिला. आईचा पिऊन झाल्यावर तिने तो कप धुतला, पुसला आणि टाचा उंचावून आईच्याच खुंटीवर अडकवला.