चौथ्या पायाखालची फट

सकाळी दहा चाळीसला दोन नंबरच्या पंपाची मोटर बंद करण्यात आली. बेअरिंग हात लावू देत नव्हतं इतकं तापलं होतं. चार महिन्यांतलं हे तिसरं. पंप बंद म्हणजे लगद्याचं पाणी बंद, आणि मग अख्खा कागद कारखाना हातावर हात ठेवून बसणार.

मोटर बसवली होती धाकट्याने. त्याची वर्षभराची तात्पुरती नेमणूक त्याच संध्याकाळी संपत होती. कायम करायचं की नारळ द्यायचा, हे मॅनेजर पाच वाजता ठरवणार होते. आणि मोटर तपासायला आली ती त्याची थोरली बहीण. यंत्रं सरळ रेषेत बसवण्याचं काम अठरा वर्षं तिच्याकडे होतं. पाठीमागे तिला मोजपट्टी म्हणत, तोंडावर ताई.

"ताई, घरचाच मामला आहे," पंपावरचा ऑपरेटर म्हणाला. "निकाल सांगून टाका, उगाच बोल्ट कशाला झिजवता?"

"आधी वीज तोडून कुलूप लाव. मग तोंड चालव."

मोटरला चार पाय. पाय आणि लोखंडी बैठक यांच्यात फट राहिली, तर ती 'शिम' नावाच्या पातळ पोलादी पट्ट्यांनी भरायची. ताईने प्रत्येक पायावर डायल गेज लावून फक्त त्याच पायाचा बोल्ट सोडला. तीन पाय जागचे हलले नाहीत. चौथ्याचा बोल्ट सुटताच काटा बावीस शतांश मिलिमीटरवर गेला. चालतात ते पाच. म्हणजे हा पाय टेकलेला नव्हता, बोल्टने दाबून धरलेला होता. त्या ओढीने मोटरचं अंग पिळलं जात होतं आणि मार बेअरिंग खात होतं.

खालून सात शिम निघाल्या.

"सात? ही बैठक आहे की गादी?"

"स्टोअरमध्ये जाड नव्हत्या गं," धाकटा म्हणाला. "पातळच जोडल्या."

"चारच्या वर नाही म्हणून सांगितलं होतं ना? आणि हिची कापलेली कड घासलीसुद्धा नाहीस."

"नाही घासली."

तिने रिकाम्या फटीत बाहेरच्या कोपऱ्यातून फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती घातली. साठ शतांश.

"बघ," धाकट्याला जरा धीर आला. "मीपण साठच भरले होते."

तिने पाती आतल्या कोपऱ्यात घातली. पंधरा. पाय तिरपा होता, आणि तिरप्या फटीत सपाट चळत भरली गेली होती.

"इथे मोजलं होतंस?"

"नाही."

"का?"

त्याने ऑपरेटरकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तूच म्हणाली होतीस. गिअरबॉक्स बसवताना मी चारही कोपऱ्यांत पाती घालत होतो, तर म्हणालीस, पायाचा काय नकाशा काढतोयस? एक कोपरा बघ आणि पुढे चल."

तिला आठवलं. त्या गिअरबॉक्सचे पाय नुकतेच घासून सपाट करून आणले होते. तिथे एक कोपरा पुरेसा होता. हे मात्र त्याला सांगायचं राहून गेलं होतं.

मायक्रोमीटरने जाडी मोजून तिने तीन शिम निवडल्या: पंधराची पूर्ण लांबीची, वर पंचवीसची अर्धी, वर वीसची त्याहून आखूड, अशा पायऱ्या. कडा धाकट्याकडून घासून घेतल्या, दोनदा. बोल्ट पुन्हा सोडला तेव्हा काटा तीन शतांशांवर थांबला. नवं बेअरिंग बसलं, मोटर आणि पंप एका रेषेत आले, आणि तीन वाजून दहा मिनिटांनी पंप सुरू झाला.

अहवालात 'कारण' असा रकाना होता.

"माझं नाव लिही," धाकटा म्हणाला. "मी दुसरीकडे बघेन कुठे तरी. तुझी अठरा वर्षं कशाला मातीत घालतेस?"

"गप बस. मोठा आलाय त्याग करणारा."

तिने लिहिलं: 'तिरप्या पायाची फट एकाच कोपऱ्यात मोजली. एक कोपरा पुरे, असं मी सांगितलं होतं. शिमची संख्या आणि न घासलेली कड ही बसवणाऱ्याची चूक.' खाली सही केली.

"म्हणजे दोघंही गेलो," धाकटा म्हणाला.

साडेचारला मॅनेजरनी अहवाल दोनदा वाचला. "तुम्ही हे सांगितलंत तेव्हा आणखी कोण होतं?"

"दोघं फिटर."

"त्यांनी त्यानंतर किती यंत्रं बसवली?"

ती आठवून सांगू लागली. आकडा अकरावर थांबला. मॅनेजरनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अकराही यंत्रांची यादी मागितली. धाकट्याच्या कायम नेमणुकीच्या पत्राचं त्यांनी नाव काढलं नाही आणि तिनेही विषय काढला नाही.

साडेपाचपर्यंत बंद असलेल्या तीन यंत्रांचे पाय तपासून झाले होते. दोन ठीक होती. तिसऱ्याचा काटा एकोणीसवर गेला होता. पाचची वेळ टळून गेली होती आणि पत्र अजून सहीविना मॅनेजरच्या टेबलावर होतं. धाकटा चौथ्या यंत्राचा बोल्ट सोडत होता.