मागच्या दारावरची कार्बाइन

माझ्या भावाने, गारलंडने, ती कार्बाइन विकत घेतली तेव्हा आमच्या टेकड्यांमधल्या एकाही पुरुषाने तिला बंदूक म्हटलं नाही.

आमचे वडील कोरियाच्या लढाईत तसलीच कार्बाइन खांद्याला लावून फिरले होते. आखूड, हलकी, लाकडी दस्त्याची. घरी परतताना ती लष्कराच्या ताब्यात द्यावी लागली, आणि पुढे जन्मभर ते तिच्याबद्दल जेवढ्या मायेने बोलले तेवढ्या मायेने आईबद्दलही कधी बोलले नाहीत. अस्सल जुनी कार्बाइन अजून मिळते, पण तेवढ्या पैशांत माणूस घराचं छप्पर नवं करून घेतो. गारलंडने घेतली ती हल्लीच्या कारखान्यात बनलेली नक्कल. दिसायला हुबेहूब, पण आत पिस्तुलाची गोळी.

एवढं कारण पुरे होतं. आमचे पुरुष बंदुकांच्या बाबतीत नाकाने कांदे सोलतात, आणि त्यात माझा नवरा क्लाइड आणि त्याचा मित्र बॉइड हे दोघे पहिल्या नंबरचे.

"काय रे गारलंड, वाढदिवसाला मिळाली का?" बॉइड विचारायचा. "सोबत शिट्टी पण देतात म्हणे."

"खार-बिर पडली तर कळव हां," क्लाइड म्हणायचा. "पेपरात छापून आणू."

गारलंड नुसता हसायचा. त्याने ती वडिलांच्या आठवणीसाठी घेतली, असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं म्हणजे त्याने ती बायकोसाठी घेतली होती. इलीनच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं, हरणाच्या रायफलीचा धक्का तिला सोसायचा नाही. ही मात्र लहान मुलाने ढकलावं तेवढाच धक्का द्यायची. दर रविवारी चर्चमधून आले की दोघं घरामागच्या उतारावर जायची. तिथे त्याने साखळीला लोखंडी ताटल्या टांगल्या होत्या. इलीन चाप ओढायची, ताटली ठण्णकन वाजायची आणि मागे वळूनही न बघता ती म्हणायची, "चल म्हाताऱ्या, तुझी पाळी." तिचा नेम त्याच्यापेक्षा चांगला होता आणि त्याला त्याचा कोण अभिमान! माझा भाऊ मी इतका सुखी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. मग गोळ्यांच्या गरम पुंगळ्या वेचून दोघं घरात यायची आणि कार्बाइन मागच्या दाराच्या वर, भिंतीतल्या दोन खुंट्यांवर जायची.

उन्हाळ्यात इलीनचं दुखणं कळलं आणि ऑक्टोबरात ती गेली.

त्यानंतर गारलंड चर्चला यायचा, पण बाहेर गाडीतच बसून राहायचा. मी मक्याचा ब्रेड आणि घेवड्याचं कालवण नेऊन द्यायचे, तर पुढच्या खेपेला भांडं तसंच्या तसं फ्रिजमध्ये. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला. त्याच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे शाळासुद्धा बंद असतात, पण हा घरातून हलला नाही. आम्ही म्हटलं, असू दे, पुढच्या वर्षी जाईल.

मग एका सकाळी तो आपलं सशांच्या शिकारीचं कुत्रं घेऊन बॉइडकडे चालत गेला. दोरी त्याच्या हातात दिली, खाण्याची गोणी ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "तुझ्या रानात ससे जास्त आहेत." बॉइड तडक आमच्याकडे आला. टोपी हातात, बस म्हटलं तरी बसेना.

"व्हर्ना," तो मला म्हणाला, "अगं, त्याने कुत्रं देऊन टाकलं."

जगायची इच्छा उरली नाही की माणूस असं एकेक देऊन टाकतो; पुढे कोणालाच काही बोलावं लागलं नाही.

अशा वेळी आमच्याकडे आधी डॉक्टरचं नाव निघत नाही. मित्र जातात आणि त्या माणसाच्या बंदुका आपल्या घरी घेऊन येतात. तोंडाने काहीतरी सांगायचं, तेलपाणी करायचंय, आमच्या कपाटात जागा आहे, असलं काही. नेणाऱ्याला ठाऊक, देणाऱ्याला ठाऊक, उच्चार कोणी करायचा नाही. बॉइडचा मुलगा गेला तेव्हा बॉइडच्याही आणल्या होत्या आणि वसंतात पुसूनपासून परत दिल्या होत्या. डोळ्यांत तेल घालून पाळायची रीत आहे ही. तिने माणसं वाचलेली मी पाहिली आहेत.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं गेलो. क्लाइड दारातच घुटमळला.

"गारलंड, आमच्याकडे बरीच जागा झालीय बघ. थोडे दिवस तुझं सामान ठेवू का तिकडे?"

गारलंडने खिशात हात घातला. बंदुकांच्या कपाटाच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या.

"ने."

मी त्याला पुढच्या खोलीत घेऊन बसले आणि धाक घालून वाटीभर सूप प्यायला लावलं. मागे दोघांची ये-जा चालली होती. गोधड्यांत गुंडाळून एकेक बंदूक मागच्या दाराने गाडीत जात होती. रायफली, वडिलांची छऱ्याची बंदूक, उशाजवळचं रिव्हॉल्व्हर. परत येताना क्लाइड म्हणाला, "सगळं आणलं गं. आजोबांच्या बंदुकीचं ते गंजकं धूडसुद्धा, जे उडतही नाही." त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मला झोप लागली.

सकाळी मी अंडी तळत होते आणि क्लाइड कॉफी घेत बसला होता.

"बॉइडची पाठ धरलीय," तो हसत म्हणाला. "म्हटलं, नशीब समज, ते खेळणं तरी उचलावं लागलं नाही."

"कुठलं खेळणं?"

"ते नाही का, दारावरचं. इलीनचं."

मी हातातला चमचा खाली ठेवला.

"क्लाइड, तुम्ही ती तिथेच ठेवली?"

"अगं, ती काय..." तो म्हणाला आणि मध्येच थांबला. दोघं बाप्ये त्या दारातून, तिच्या खालून जा-ये करत होते. उडत नाही ते धूड गोधडीत गुंडाळून आणलं आणि भरलेली बंदूक भिंतीवर सोडून आले. पुरुषांची अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. आमच्यांची तिथेही नव्हती.

गारलंडकडे फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. गाडी मी चालवली. क्लाइड शेजारी बसून नुसता "देवा, देवा" करत होता. गारलंडच्या वळणावर मी काच खाली केली आणि उताराकडून आवाज आला. गोळी, आणि ठण्ण. पुन्हा गोळी, पुन्हा ठण्ण.

"नेमबाजी चाललीय," क्लाइड म्हणाला. "बरा आहे गं तो. बरा आहे."

मग आणखी एक गोळी उडाली, आणि ताटली वाजली नाही.

मी गाडी रस्त्यातच सोडून पळाले. माझं वय पळायचं नाही. बर्फात एकदा पडले, उठले, घराला वळसा घालून मागे गेले. काय बघावं लागेल या भीतीने शेवटचा कोपरा मी डोळे मिटूनच ओलांडला.

गारलंड बाकावर बसला होता. कार्बाइन मांडीवर, पायाशी पुंगळ्या. दाढी वाढलेली, अंगात कालचाच शर्ट.

"चुकलो," तो ताटल्यांकडे बघत म्हणाला. "ती कधी चुकत नव्हती."

"दे इकडे," मी म्हटलं. मला रडू आवरत नव्हतं. "गारलंड, दे ना रे ती."

त्याने दिली नाही. क्लाइड धापा टाकत येऊन उभा राहिला, तसा तो त्याच्याकडे वळला.

"क्लाइड, एक विचारतो. ही का नाही नेलीस?"

क्लाइडने नजर ताटल्यांकडे वळवली, पण गारलंड बोलतच राहिला.

"काल संध्याकाळभर वाट बघितली मी. म्हटलं, लक्षात येईल, परत येतील. दाराकडे कान लावून बसलो होतो. कोणी आलं नाही. मग वाटलं, मुद्दामच ठेवली असेल. क्लाइडने एक तरी माझ्या भरवशावर सोडली. त्याने बरं वाटलं मला. त्यावरच रात्र काढली म्हण." त्याने मान वर केली. "तर सांग, मुद्दाम ठेवलीस ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. म्हण रे हो, मी मनात ओरडत होते. पण माझा नवरा कितीही टवाळ असला तरी त्याला खोटं बोलता येत नाही. त्याने टोपी काढली.

"नाही रे," तो म्हणाला. "ती बंदूक आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

गारलंड आधी हसला, पोटातून, इलीन असताना हसायचा तसा. मग ते हसू वाकडं झालं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी त्याला धरलं. बऱ्याच वेळाने त्याने नाक पुसलं, गोळ्यांचं मॅगझिन काढलं, खटका मागे ओढला. नळीतली गोळी बर्फात पडली. त्याने कार्बाइन उचलून क्लाइडच्या दोन्ही हातांत ठेवली.

"मला काल रात्रभर ती बंदूकच वाटत होती," तो म्हणाला. "ने."